गुदाशयाचा कर्करोग आणि जालन्याचा रुग्ण

संडासवाटे रक्त पडले की जालना जिल्ह्यात, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत, घरातले लोक एकच निदान करतात: मूळव्याध. बहुतेकदा ते बरोबरही निघते. तिखट बंद होते, ताक आणि सुरण सुरू होते, मलम येते. मग बाजाराच्या गावात बिनऑपरेशन इलाजाची पाटी लावून बसलेल्या कुणाकडून एखादे इंजेक्शनही होते. रक्त काही दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. गुदाशयाचा कर्करोग वाढतो तो याच मधल्या महिन्यांत.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५७ टक्के लोकांना रक्त जात होते, आणि सरासरी चार महिने दुखणे अंगावर काढून ते तिथे पोचले होते. सरासरी वय होते अवघे ४७. युरोप-अमेरिकेत हा आजार मुख्यतः साठीनंतरचा मानला जातो. आपल्याकडे तो घरातल्या कर्त्या माणसाला गाठतो, मुले अजून शाळेत असताना आणि पीककर्ज फिटायचे बाकी असताना. शिवाय १३ टक्के रुग्णांत गाठीचा प्रकार लवकर पसरणारा, आक्रमक होता.

भारतात हा रोग अजून तुलनेने कमी आहे. २०२२ मध्ये मोठे आतडे आणि गुदाशय मिळून जगात १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले, तर भारतात ७० हजारांच्या आसपास. म्हणूनच तिशीवरील लोकांसाठीच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच जागांचा कर्करोग धरला आहे. एवढ्या कमी प्रमाणातल्या रोगासाठी गावेच्या गावे तपासणे परवडणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण मग ज्याला लक्षण आहे, त्याची तपासणी तरी चुकायला नको.

ती तपासणी स्वस्त आहे. एक हातमोजा, थोडी जेली आणि एक मिनिट. गुदाशय साधारण १५ सेंटीमीटर लांब असतो आणि डॉक्टरचे बोट त्याच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत पोचते. तिथली कडक, खरबरीत गाठ बोटाला लगेच कळते. तरीही ही तपासणी टाळली जाते. रुग्ण लाजतो, डॉक्टरला गर्दीत वेळ नसतो, आणि बाई रुग्ण असेल तर विषय निघतच नाही. रक्ताबरोबर शौचाची सवय बदलली असेल, सारखे जाऊनही पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, वजन घटत असेल किंवा अंगात रक्त कमी भरत असेल, तर बोटाने तपासून झाल्यावर दुर्बिणीने पाहणे आणि तुकडा काढून तपासायला पाठवणे, हा नियमच हवा. जालन्यात त्यासाठी मुंबई लागत नाही.

नुसत्या बोलण्या-सांगण्याने काय होते, हे बार्शीने दाखवले आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत, रुग्ण शोधत आणि लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे तिथल्या आकडेवारीत दिसले. ती जागाही लाजेचीच होती. घनसावंगी किंवा जाफराबाद तालुक्यातल्या आशाताईंना संडासवाटे जाणाऱ्या रक्ताबद्दल असेच बोलायला शिकवता येईल.

शस्त्रक्रियेचा विषय मात्र वेगळा आहे. गुदाशय कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत खोल बसलेला असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत गर्भाशय आणि योनीमार्ग, मागे माकडहाड, आणि दोन्ही अंगांनी लघवीचे व लैंगिक क्रियेचे मज्जातंतू. सर्जनला हात फिरवायला जागा नाही आणि चुकीला वावही नाही. फ्रान्समध्ये लिस्फ्रांकने १८२६ मध्ये गुदाशयाची गाठ खालच्या बाजूने काढली, तेव्हा भूल देण्याची विद्याही अस्तित्वात नव्हती. पुढे लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने आपलेच रुग्ण मोजले: खालून केलेल्या ५७ शस्त्रक्रियांपैकी ५४ मध्ये रोग परतला होता. हा हिशोब त्याने लपवला नाही. १९०८ मध्ये त्याने पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी शिरून गुदाशय, गुदद्वार आणि लसग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत मांडली. रुग्णाला पोटावर मळासाठी कायमची पिशवी आली, पण जगण्याची शक्यताही आली. पुढची कित्येक दशके जगभर हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली.

मोठा बदल झाला तो बेसिंगस्टोक या इंग्लंडमधल्या साध्या गावात. बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये असे मांडले की गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टण असते, रोगाच्या सूक्ष्म पेशी त्या वेष्टणात लपतात, आणि सर्जन हाताने ओरबाडून गाठ सुटी करतात तेव्हा वेष्टण फाटून त्या पेशी मागे राहतात. त्याऐवजी डोळ्यांसमोर, धारदार हत्याराने, वेष्टणाच्या बाहेरच्या पातळ थरातून चालत जाऊन सगळे अखंड बाहेर काढायचे. वाचायला सोपे वाटते, करायला अतिशय अवघड. जिथे ही पद्धत नीट शिकवली गेली तिथे ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण कितीतरी खाली आले आणि मज्जातंतूही वाचू लागले. कापलेली दोन टोके जोडणारी गोलाकार स्टेपलरची यंत्रे १९७० च्या दशकात आली होतीच. त्यामुळे पूर्वी ज्यांना कायमची पिशवी लागली असती अशा बऱ्याच रुग्णांचा नैसर्गिक मार्ग राखता येऊ लागला.

दुर्बिणीतून की यंत्रमानवाच्या हातांनी, हा प्रश्न आता नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात. लहान छेद, कमी दुखणे, लवकर घरी, हे फायदे खरे आहेत. पण ब्रिटनसह अनेक देशांत मिळून झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्रमानवाने केलेली शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. वेष्टण अखंड निघाले का, हे शेवटी सर्जनच्या सरावावर ठरते. नेदरलँड्समध्ये वर्षाला किमान २० गुदाशयाच्या शस्त्रक्रिया होत नसतील, तर त्या रुग्णालयाने त्या करूच नयेत असा दंडक आहे. जालन्याच्या रुग्णाने डॉक्टरला विचारावा असा प्रश्न तोच आहे: वर्षात अशा किती शस्त्रक्रिया होतात?

महाराष्ट्राच्या लहान गावांतल्या सर्जनांची कल्पकता कमी लेखण्याचे कारण नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी वापरून हर्नियाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि जगाने त्याची दखल घेतली. पण हर्निया चुकला तर पुन्हा दुरुस्त करता येतो. गुदाशयाच्या कर्करोगात पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाली, तर दुसरी संधी फार क्वचित मिळते. म्हणून ही एक शस्त्रक्रिया जालन्यात होण्याचा हट्ट धरू नये. साठ-बासष्ट किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे, मुंबईला टाटा आहे.

अपवाद एकच. रात्री पोट फुगलेला, उलट्या होणारा, वाराही न सरणारा रुग्ण जालन्याच्या दवाखान्यात येतो आणि आतडे गाठीने बंद झालेले निघते. तेव्हा तिथल्या सर्जनने जीव वाचवलाच पाहिजे. पण तो वाचतो पोटावर आतड्याचे तोंड काढून, मळाला वाट करून देऊन. गाठीला हात न लावता एवढेच करून रुग्णाला पुढे पाठवणे, हा त्या सर्जनचा मोठेपणा असतो. घाईत केलेले अर्धवट काम पुढच्या सगळ्या उपचाराला नडते.

निदान होताच शस्त्रक्रिया, ही घरच्यांची अपेक्षाही आता जुनी झाली आहे. आधी एमआरआय होतो आणि गाठ वेष्टणाच्या कडेपासून किती दूर आहे ते पाहिले जाते. गाठ पुढे गेलेली असेल तर आधी किरणोपचार, ज्याला आपल्याकडे सर्रास शेक म्हणतात, आणि किमो. नेदरलँड्समधल्या २००१ च्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी फक्त पाच दिवस किरणोपचार दिलेल्यांत दोन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण २.४ टक्के राहिले, नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ते ८.२ टक्के होते. जर्मनीच्या २००४ च्या चाचणीने दाखवले की शेक नंतर देण्यापेक्षा आधी दिलेला बरा: पाच वर्षांत १३ ऐवजी ६ टक्के.

शेक पाच दिवसांचा घ्यावा की जुन्या पद्धतीने पाच आठवड्यांचा, हा प्रश्न मराठवाड्यात नुसता वैद्यकीय राहत नाही. पाच आठवडे म्हणजे संभाजीनगरात खोली, रोज येणे-जाणे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ओस पडलेले शेत. पाच दिवसांचा उपचार त्यामुळे फार मोलाचा वाटतो. पण तोही सगळ्यांना सारखा लागू नाही. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत पाच दिवसांचा शेक आणि मागोमाग किमो घेतलेल्यांत दूरच्या अवयवांत रोग कमी पसरला, मात्र पाच वर्षांनंतर पाहिले तेव्हा ओटीपोटात तो १० टक्के जणांत परतला होता, जुन्या पद्धतीत ६ टक्के. कुणाला काय द्यायचे हे सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तेव्हाच रुग्णाचे भले होते.

काहींची गाठ या उपचारांनीच पूर्ण विरघळते. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये अशा रुग्णांना न कापता नुसते लक्ष ठेवण्याची कल्पना आकड्यांनिशी मांडली. त्यांच्या २६५ रुग्णांपैकी ७१ जण या गटात होते. पुढे जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा अशांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात दोन वर्षांत गाठ पुन्हा वाढलेली दिसली. वेळीच सापडली तर ती शस्त्रक्रियेने काढता येते. म्हणजे पहिली काही वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण आणि ठरावीक काळाने एमआरआय चुकवून चालत नाही. पेरणी, लग्नसराई किंवा पैशाची अडचण यांत ज्याच्या तारखा हुकण्याची भीती आहे, त्याला हा मार्ग सुचवताना डॉक्टरांनी दहा वेळा विचार करावा. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात एका नव्या औषधाने पहिल्या १२ च्या १२ रुग्णांची गाठ नाहीशी झाली, ही बातमीही लोकांच्या लक्षात आहे. ते औषध गाठीत विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या थोड्याच रुग्णांना चालते आणि अतिशय महाग आहे.

शस्त्रक्रिया चार-पाच तासांची असते. रुग्ण जगतो की दगावतो, हे त्या तासांइतकेच पुढच्या दहा-पंधरा दिवसांत ठरते. २०२१ मध्ये ८२ देशांतल्या ४२८ रुग्णालयांतून कर्करोगाच्या १५,९५८ शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. श्रीमंत आणि गरीब देशांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती जवळपास सारख्याच होत्या. मरणाऱ्यांची संख्या मात्र गरीब देशांत कितीतरी अधिक होती. फरक पडला तो बिघाड वेळेवर ओळखून रुग्णाला सावरण्यात. या विषयावरचा याहून महत्त्वाचा निष्कर्ष सांगता येणार नाही.

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत सगळ्यांत भीतीचा बिघाड म्हणजे जोडलेल्या आतड्याचा सांधा गळणे. तो बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात कळतो. नाडी जलद चालते, ताप येतो, पोट फुगते, रुग्ण गप्प होतो किंवा असंबद्ध बोलतो. नाडीचा आकडा दर चार तासांनी लिहिणारी आणि तो वाढला की रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवणारी सिस्टर इथे जीव वाचवते. २००७ च्या स्वीडिश चाचणीत सांध्याच्या वरच्या बाजूला लहान आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढलेल्यांपैकी १०.३ टक्के जणांत सांधा गळाला, न काढलेल्यांपैकी २८ टक्के जणांत. काही महिन्यांसाठी येणारी ती पिशवी शिक्षा नसून संरक्षण आहे, हे घरच्यांना आधीच समजावलेले असले तर पुढचे बरेच रडणे वाचते.

तयारीची सुरुवात गावातच व्हायला हवी. महिनोन् महिने रक्त गेलेल्याचे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते, ते लोह देऊन वाढवता येते. तंबाखू आणि गुटखा चार आठवडे आधी बंद केला तर जखम आणि फुप्फुसे दोन्ही साथ देतात. श्वास ओढण्याचे तीन गोळ्यांचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर प्रथमच हातात देण्यापेक्षा आठवडाभर आधी शिकवलेले बरे. डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात अशा लहान लहान गोष्टींची सांगड घातली: उगाच लांबवलेला उपास नको, दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल, नळ्या लवकर काढा, दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवा, लवकर खाऊ घाला. रुग्णालयातला मुक्काम त्यामुळे कमी झाला.

आपल्याकडे अडते ते खाण्यापाशी. टाके पिकतील या भीतीने वांगे, भात, आंबट आणि कधी डाळही बंद होते, आणि मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस चहा-बिस्किटे व साबुदाण्यावर राहतो. जखम भरायला प्रथिने लागतात: अंडे, दूध, मुगाचे वरण, दही, मऊ शिजवलेली डाळखिचडी. पू होण्याचे कारण ताटात नसून जंतूंत असते. भारतासह सात देशांत झालेल्या २०२२ च्या चाचणीत पोट शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे आणि हत्यारे बदलली, एवढ्यानेच जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. या उपायाला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही.

मग पिशवी. आधुनिक चिकट पिशवीची कल्पना डेन्मार्कच्या एलिझ सोरेन्सन या परिचारिकेला १९५४ मध्ये सुचली, कारण तिची बहीण शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडायला तयार नव्हती. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या नॉर्मा गिल स्वतः रुग्ण होत्या आणि पुढे पिशवीची काळजी शिकवण्याच्या कामाच्या पहिल्या प्रशिक्षक झाल्या. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या सावलीत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांचीच संस्था कित्येक वर्षे हे काम करते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र पिशवी लावायला शिकवणारे माणूस मिळणे मुश्किलीचे असते.

पिशवीची जागा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून शाईने आखायची असते. ग्रामीण रुग्णासाठी यात जास्त बारकाई लागते. लुगड्याचा ओचा किंवा परकराची नाडी तिथे घासते का, धोतराची गाठ तिथे येते का, मांडी घालून बसल्यावर कातडीला वळी पडते का, कापूस वेचायला वाकल्यावर पिशवी निघेल का. हे पाहिले नाही तर पिशवी रोज गळते, कातडी सोलवटते आणि माणूस पंगतीत, देवळात, एसटीत जाणे सोडतो.

लहान आतड्याची पिशवी असेल तर उन्हाळा घातक ठरतो. दिवसाला अर्धा ते एक लिटर पातळ मळ जातो आणि त्याबरोबर मीठही. बेचाळीस अंशांच्या उन्हात असा माणूस नुसते साधे पाणी पीत राहिला तर मिठाची तूट भरून निघत नाही, आणि मूत्रपिंडे थकतात. जलसंजीवनीची पाकिटे, लघवी कमी आणि गडद झाली तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे, एवढे घरच्यांना माहीत असले तरी पुष्कळ आहे. पाण्याची टंचाई जालन्याला नवी नाही. पिशवी धुण्यासाठी वेगळी बादली राखणाऱ्या घरातल्या बाईचे कष्ट कुठल्याही केसपेपरवर येत नाहीत.

पैशाची बाजू पूर्वीपेक्षा सुधारली आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये जालन्यासह राज्यभर आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि आता मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे. शस्त्रक्रिया, किमो आणि शेक त्यात बसतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे भाडे माफ आहे, म्हणून देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना निवारा देते. पण घरी परतल्यावर दर तीन-चार दिवसांनी लागणारी पिशवी रुग्णाच्याच खिशातून येते, आणि एक पिशवी शेतमजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा खाते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही पोटावर पिशवी असलेल्या माणसाला जागा नाही. आमदार-खासदारांनी धसास लावावा असा हा प्रश्न आहे.

काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पुरुषाची लैंगिक क्षमता जाऊ शकते. ओटीपोटाच्या शेकाने तरुण बाईची पाळी कायमची थांबू शकते. मूल हवे असलेल्या जोडप्याला वीर्य किंवा बीज गोठवून ठेवण्याचा मार्ग उपचार सुरू होण्याआधीच सांगावा लागतो, नंतर उपयोग नसतो. पिशवी बंद करून नैसर्गिक मार्ग सुरू झाल्यावरही अनेकांना दिवसातून सात-आठ वेळा, घाईने जावे लागते, आणि शेतात किंवा बसमध्ये ती घाई फार लाजिरवाणी वाटते. औषध, आहार आणि स्नायूंच्या व्यायामाने त्यात बरीच सुधारणा होते. रुग्णाने विचारले नाही म्हणून डॉक्टरांनी गप्प राहणे बरोबर नाही.

जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले, १०० जागांचे. त्यामुळे शस्त्रक्रियेपलीकडची जवळपास सगळी साखळी जिल्ह्यात उभी करता येण्याजोगी आहे. आठवड्यातून एक दिवस गुदमार्गाच्या तक्रारींचा बाह्यरुग्ण विभाग, तिथे बाई रुग्णांसाठी महिला डॉक्टर, दुर्बिणीची सोय, पिशवीचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन सिस्टर, आणि संभाजीनगर वा मुंबईच्या तज्ज्ञांशी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर चर्चा. शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए ही रक्तचाचणी लागते, ठरावीक काळाने सीटी स्कॅन, वर्षाच्या आत एकदा दुर्बीण. यातले रक्त जालन्यात काढता येते, स्कॅन जालन्यात होतो, अहवाल फोनवर पाठवता येतो. मुंबईची फेरी मग एखादा आकडा वाढलेला दिसला तरच करावी लागेल.